आमच्या गुलाबी क्वार्टरचा सिनेमा

मी एका हिंदी सिनेमात काम केलंय. तुम्ही तो पाहिलेला नाही. वाईट वाटून घेऊ नका, कुणीच पाहिलेला नाही.

तेव्हा आम्ही भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो. आमचे हे क्वालिटी कंट्रोलला, मी शाळेत मराठी-संस्कृत शिकवणारी आणि सासूबाई मूळच्या नागपूरच्या. एके दिवशी मुंबईहून एक सिनेमावाले आले. एका जुन्या, गाजलेल्या प्रेमकहाणीचा रिमेक करायचा होता आणि नायिकेचं घर म्हणून त्यांना आमचंच क्वार्टर आवडलं. (शेजारच्या चौबेबाई अजून म्हणतात की, आधी त्यांचं आवडलं होतं. म्हणोत बापड्या!)

मूळ सिनेमा सासूबाईंनी कॉलेजात असताना सात वेळा पाहिलेला. त्यात नायक रेडिओ दुरुस्त करायला येतो आणि परत यायला मिळावं म्हणून दर वेळी रेडिओ थोडा जास्तच बिघडवून जातो. रिमेकमध्ये रेडिओच्या जागी वाय-फाय होतं.

"इथं तर ते बंदच असतं," सासूबाई म्हणाल्या. "बिघडवायला हिरो कशाला पाहिजे बाप्पा?"

पण माझं लक्ष कुठे होतं! दिग्दर्शकाने मला चक्क एक वाक्य दिलं होतं. नायिका फाटकातून आत येते, शेजारीण झाडांना पाणी घालता घालता विचारते, "बेटी, वाय-फाय ठीक हो गया?" बस. या एका वाक्यासाठी मी जवाहर चौकातून नवी साडी आणली, आरशासमोर चार दिवस तालीम केली आणि शूटिंगच्या दिवशी चौदा वेळा कॅमेऱ्याकडे बघून हसले. पंधराव्या वेळी दिग्दर्शक म्हणाला, "हो गया, आंटी. अब रहने दो." हे मला कौतुक वाटलं!

त्याआधी एक गोष्ट घडली होती. टाउनशिपमधली सगळी क्वार्टरं पिवळी, तसा नियमच. पण दिग्दर्शकाला 'मोहब्बत का रंग' हवा होता. त्याने आमचं घर बाहेरून असं गुलाबी रंगवलं की, रिक्षावाले पत्ता न विचारता थेट दारात येऊ लागले. "शूटिंग खत्म होते ही पीला करवा देंगे," असं वचन देऊन मंडळी मिसरोदकडे पुढच्या लोकेशनला गेली आणि त्यांचे फोन बंद झाले.

आठवड्याभरात टाउनशिप ऑफिसची नोटीस आली. रंग नियमबाह्य आहे. खुलासा द्या, नाहीतर क्वार्टर खाली करा. यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरताय काय?" मी म्हणाले. "सिनेमा हिट झाला की हेच लोक दारावर पाटी लावतील. ऑफिसच्या साहेबांनाच पहिल्या शोला नेऊ या ना!"

ही कल्पना माझी. नोंद असावी.

यांनी अर्ज करून करून मुदत वाढवून घेतली आणि सहा महिन्यांनी सिनेमा लागला. त्या शुक्रवारी सकाळी यांनी पेपर उशीखाली लपवला. मी ओढून काढला. समीक्षकाने पाचपैकी अर्धा तारा दिला होता आणि तो कशासाठी दिला, हे त्यालाही सांगता आलं नव्हतं. "पेपरवाल्यांना काय कळतंय!" म्हणत मी पदर सारखा केला.

दुपारच्या शोला थिएटरात अकरा माणसं होती. त्यातली सहा आमची: मी, हे, सासूबाई, चौबेबाई, आणि ऑफिसचे श्रीवास्तव साहेब सपत्नीक. दिवे मालवले. नायक पडद्यावर आला.

"बाप्पा! हा हिरो आहे?" सासूबाईंचा आवाज पार पहिल्या रांगेपर्यंत. "मला वाटलं, खरंच वाय-फायवाला आला!"

"आई, हळू!"

"काऊन हळू? कोण बसलंय इथं?"

तेवढ्यात आमचं घर आलं. गुलाबी भिंत, फाटक, पाण्याचा पाइप आणि पाइप धरलेल्या हाताचं फक्त कोपर. माझं. वाक्य ऐकू आलं खरं, पण ते कुण्या भलत्याच बाईच्या आवाजात!

साहेब माझ्याकडे झुकून अदबीने म्हणाले, "मॅडम, आपका सीन कब है?"

"आ गया, सर," मी म्हणाले. "और... गया भी."

चौबेबाईंना इतका खोकला आला की, त्यांना बाहेर जावं लागलं.

यांनी कपाळाला हात लावला. "आमच्याकडे हा पीस लाइनवरूनच रिजेक्ट झाला असता," एवढंच बोलले.

मध्यंतराला कळलं की साहेबांनीही मूळ सिनेमा पाहिला होता, लग्न ठरल्यावर बाईसाहेबांबरोबर. झालं! सासूबाई आणि साहेब चहाच्या स्टॉलपाशी उभे राहून मूळ सिनेमा प्रसंग-प्रसंगाने सांगू लागले. रेडिओतून धूर निघतो तो प्रसंग सासूबाईंनी असा करून दाखवला की, तिकीट फाडणाराही टॉर्च विसरून उभा राहिला. उरलेले प्रेक्षक एकेक करून तिथेच जमले. पुढचा अर्धा सिनेमा आत मी एकटीनेच पाहिला. (कोपर परत दिसतंय का, ते बघायला. नाही दिसलं.)

बाहेर आले तर साहेब यांना सांगत होते, "देखिए, रंग का मामला तो मैं निपटा देता. लेकिन उस अच्छी-भली फ़िल्म का जो हाल किया है, उसकी निशानी मेरी टाउनशिप में नहीं रहेगी! इतवार तक पीला चाहिए."

"जी सर," हे म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

इतक्या घाईत रंग मारणारा पुताईवाला काही मिळाला नाही. रविवारी हे शिडीवर चढले आणि मी खाली बादली धरून उभी राहिले. गुलाबीवर पिवळ्याचा पहिला हात बसला आणि घर पिकल्या पपईसारखं दिसू लागलं. दुसऱ्या हातानंतर ते कुठल्याच फळासारखं दिसेना. तेवढ्यात यांच्या हातून ब्रश सुटला, तो माझ्या डोक्यावर. मी दचकून बादली सोडली, ती शिडीच्या पायाशी. आणि हे घसरत घसरत खाली आले ते थेट त्या पिवळ्यात बसले!

टाळ्या कडाडल्या. मागे वळून पाहते तो फाटकाबाहेर आमच्या क्वार्टरांची सगळी लाइन जमलेली! लोकांनी घरून खुर्च्या आणल्या होत्या. चौबेबाई पोहे वाटत होत्या. सासूबाई पुढे बसून नव्याने आलेल्यांना आधी काय काय घडलं, ते समजावून देत होत्या.

"लागलं का हो?" मी यांना विचारलं.

डोळ्यांवरचा रंग पुसत यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या गर्दीकडे, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खदखदून हसले. "मंजू," म्हणाले, "मोजून बघ. सत्तर तरी असतील. आणि मध्यंतराला एकही उठून गेला नाही!"