दुधीच्या साली

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात आईचं ऑपरेशन झालं. रत्नागिरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तासाभरात पुन्हा शिवलं. बाहेर येऊन ते शेजारच्या काकूला म्हणाले, "घरी न्या. आता पथ्य काही नाही. आवडेल ते करून घाला." काकूला त्याचा अर्थ कळला. मला कळला नाही. पथ्य नाही म्हणून मला उलट बरंच वाटलं.

बाबा तेव्हा बोटीवर होते. खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्या भंडाऱ्याचं काम त्यांनी वीस वर्षं केलं. वर्षातले दहा महिने समुद्रात जायचे. चाळीस माणसांना जेवू घालणारे बाबा घरी आले की पाटावर बसायचे आणि आई वाढायची. साधा चहाही त्यांनी घरात कधी केलेला मला आठवत नाही. तार मिळाल्यावर कुठल्याशा बंदरात उतरून ते नवव्या दिवशी आमच्या खाडीकाठच्या गावी पोचले. आईची खाट पडवीत होती, तिथे जरा वारा यायचा. तिच्याजवळ थोडा वेळ बसले. मग हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी दहा माणसांना पुरेल एवढी आमटी केली. तिघांचं कसं करायचं याचा त्यांना अंदाजच नव्हता. विळीवर बसणं जमेना, म्हणून उभ्यानं सुरीनं चिरायचे. आई पडवीतून ऐकत पडलेली असायची. "आपल्या घरातला वाटत नाही आवाज," एकदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, "आईला काय आवडतं गो?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. बाबांना काय काय आवडतं ते मला पाठ होतं, कारण ते यायच्या आधी आठ दिवस घरात दुसरं बोलणं नसे. आई आमच्या मागून जेवायची, टोपात उरलेलं असेल ते. मला उत्तर देता येईना, त्याचा राग मी त्यांच्यावर काढला.

"तुम्हाला माहीत नाही? वीस वर्षं झाली लग्नाला."

"त्यातली तीन-चार इथे असेन मी," बाबा म्हणाले. रागानं नाही, नुसतं हिशेब सांगितल्यासारखं.

मी तर सोळा वर्षं तिच्याबरोबर एका घरात होते.

मी आईला जाऊन विचारलं. ती म्हणाली, "काहीही करा. मांडवावर दुधी आहे ना, तोच करा."

परसात विहिरीशेजारी तिनं दुधीचा वेल चढवला होता. ती आजारी पडल्यापासून पाणी मी घालत होते. बाबांनी एक दुधी काढला, मुगाची डाळ भिजत घातली. हिरवी मिरची, हिंग आणि कढीलिंबाची फोडणी, वरून ओलं खोबरं, किंचित गूळ. डाळ अख्खी राहिली होती आणि दुधी अगदी मऊ झाला होता. आईनं भाताबरोबर दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "छान झालीय."

बाबांना तेवढंच पुरलं. दुसऱ्या दिवशी चण्याची डाळ घालून दुधी केला. तिसऱ्या दिवशी खीर. मग नारळाच्या रसात. रोज ते वाटी घेऊन तिच्याशेजारी बसायचे आणि रोज वाटी जवळजवळ तशीच परत यायची.

सहाव्या दिवशी ते म्हणाले, "आज जिरं घातलंय. कालच्यापेक्षा बरा लागतोय ना?"

आईनं घास गिळला. "अहो, मला दुधी मुळात आवडतच नाही."

"मग तूच सांगितलंस ना?"

"जून होत आला होता. फुकट गेला असता."

बाबांनी वाटी खाली ठेवली. "मग काय आवडतं ते सांग. गोड, तिखट, मासे, काहीही. मी करतो."

आई बराच वेळ कौलांकडे बघत राहिली. मला वाटलं, डोळा लागतोय. मग म्हणाली, "आठवत नाही हो." अवचित पाहुणा यावा आणि घरात दूध नसावं, तेव्हा बोलायची तसा तिचा आवाज होता.

बाबा उठून परसात गेले. भर बारा वाजता विहिरीतून पाणी काढून वेलाला घालू लागले. त्या उन्हात वेलाला पाणी घालायचं नसतं हे मला ठाऊक होतं, पण मी त्यांना अडवलं नाही.

संध्याकाळी आईनं मला विचारलं, "सालींचं काय करतात ते?"

"टाकतात."

"चटणी करायची त्यांची. तुम्ही जेवून उठलात की मी तीच घ्यायचे भाकरीबरोबर. ती बरी लागायची."

बाबांनी ती चटणी कधी केली नव्हती. बोटीवर साली समुद्रात जात. ते दारात उभे राहिले आणि आई पडल्या पडल्या सांगत गेली. साली तेलावर कुरकुरीत होईस्तोवर परतायच्या. तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची, मीठ. वाटायची नाही, कुटायची. त्यांनी कुटली. आईनं चिमूटभर चटणी पेजेबरोबर जिभेवर ठेवली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

त्यांच्या हातच्या जेवणाला तिनं पहिल्यांदाच नाव ठेवलं होतं. बाबा घाईनं आत जाऊन मीठ घेऊन आले. त्या दिवशी तिनं वाटीभर पेज संपवली.

पुढे आठ-नऊ दिवस ती चटणी खात होती. दुधी आम्ही दोघं खायचो. मग पेजही उतरेना. वैशाखातल्या एका दुपारी ती गेली. मी उशाशी होते, बाबा आत पेज निववत होते. मी हाक मारली तेव्हा ते हातातल्या पळीसकट बाहेर आले आणि ती कुठे ठेवावी हे न कळून तसेच उभे राहिले.

दिवसकार्य झालं. कॉलेजसाठी मला रत्नागिरीला मावशीकडे ठेवलं आणि बाबा बोटीवर परत गेले. श्रावणात त्यांचं पत्र आलं. हवा कशी आहे, नवीन कप्तान कसा आहे, माझा अभ्यास कसा चालला आहे. आईबद्दल एक ओळ नव्हती. मीही उत्तरात काही लिहिलं नाही. पुढे किती तरी वर्षं आम्ही एकमेकांना तशीच पत्रं लिहीत राहिलो.