टॉक, टॉक्ड आणि दुपारचा तास

नवऱ्याची बदली देवनहळ्ळीजवळच्या कारखान्यात झाली तेव्हा मी सांगलीतली शाळेची नोकरी सोडली. सव्वीस वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलं होतं. बंगळुरूत येलहंक्याला सातव्या मजल्यावर आम्ही घर घेतलं. नवरा सकाळी सातला निघायचा, परत आला की कानात इयरफोन घालून मोबाइल बघत बसायचा, जेवतानाही. भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. मुलगी शिकायला दिल्लीला होती. मला कन्नड येत नव्हतं. पहिल्या वर्षी असे कितीतरी दिवस गेले की संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की माझाच आवाज मला घोगरा वाटायचा.

एकदा ब्लाउज उसवून सैल करून घ्यायला मी जुन्या येलहंक्यातल्या एका टेलरकडे गेले. तिथेच मुलीचा फोन आला. मी फोन ठेवला, तसे मशिनमागचे पासष्टीचे गृहस्थ म्हणाले, "अक्का, तुम्ही मराठी? आम्हीपण मराठीच की. आमची भाषा स्वल्प वेगळी, एवढंच."

त्यांचं घराणं इथे किती पिढ्यांपासून आहे, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी इंग्रजी शिकवायचे हे कळल्यावर त्यांनी मशिनवरचा पाय उचलला.

"मला शिकवाल? एकच शब्द, पण सगळा. टॉक. काल बोललो, आज बोलतो, उद्या बोलणार, सगळं."

"एवढाच का, अण्णा?"

"लागतंय," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक ते दोन, शटर अर्धं खाली ओढून, कापड बेतायच्या टेबलावर आमचा तास सुरू झाला. टॉक हे सरळ क्रियापद. शेवटी 'एड' जोडलं की भूतकाळ, 'आयएनजी' जोडलं की चालू काळ. अण्णांना ते आवडलं. "म्हणजे मूळ कापडाला हात लावायचा नाही, नुसती पट्टी जोडायची." मी प्रत्येक काळाचं एक वाक्य लिहून आणायला सांगितलं. त्यांनी वही आणली, तर निम्म्या ओळी कोऱ्या.

"हे का राहिलं?"

"खोटं कसं लिहू, टीचर?"

शाळेत मुलं राम, आंबा, बाजार असलं काहीही घालून वाक्यं करायची. अण्णांना मात्र वाक्य खरं असल्याशिवाय लिहिता येत नव्हतं. 'आय टॉक टू कस्टमर्स' लिहिलं होतं. 'आय टॉक्ड टू माय डॉटर' लिहिलं होतं. 'आय हॅव टॉक्ड' पुढे काही नाही. मीच त्यांना सांगितलं होतं की या काळात झालेल्या गोष्टीचा धागा आजपर्यंत आलेला असतो.

"धागा नाही आला," ते म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. मुलीनं केरळच्या मुलाशी लग्न केलं होतं. अण्णा तिला नको ते बोलले होते आणि पुन्हा फोन करू नकोस म्हणाले होते. तिनं केला नाही. सात वर्षं झाली. जावयाचा नंबर त्यांनी एका नातेवाइकाकडून मिळवला होता. कोचीत सहा वर्षांची नात होती. जावयाला ना मराठी येत होती, ना कन्नड.

"आणि हे?" मी भविष्यकाळाच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ती बोलली तर ते खरं होणार. आत्ताच कसं लिहू?"

"भविष्यकाळात नुसती इच्छा असली तरी चालतं, अण्णा."

त्यांनी खूप वेळ लावून ती ओळ लिहिली.

शेवटी 'हॅव बीन टॉकिंग' आलं. सुरू झालेलं आणि अजून चाललेलं, मी म्हटलं. हीही ओळ कोरी राहणार असं मला वाटलं होतं. त्यांनी ती लगेच लिहिली: 'आय हॅव बीन टॉकिंग टू टीचर फॉर टू मंथ्स.' मी स्पेलिंग तपासायच्या निमित्तानं वही जवळ ओढली. या गावात माझंही हे एकच वाक्य खरं होतं.

त्याच आठवड्यात बुधवारी त्यांनी माझ्यासमोर जावयाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. फोन नातीनं घेतला.

"हू इज धिस?"

"आय अॅम युवर मदर्स फादर." मग आम्ही वाक्यं लिहून ठेवलेला हातातला कागद न बघता ते म्हणाले, "आय टॉक्ड बॅडली टू युवर मम्मी."

"व्हाय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. याचं उत्तर आम्ही तयार केलं नव्हतं. तिकडे कुणीतरी फोन हातात घेतल्याचा आवाज झाला. मग मराठीत, दबक्या आवाजात, "अप्पा?"

अण्णा एका हातानं टेबलाची कड धरून उभे होते. "जेवलीस का गं?" एवढंच म्हणाले. मी शटरखालून वाकून बाहेर आले.

बाहेर लख्ख ऊन होतं. मला खरंच आनंद झाला होता. पण मी तिथेच उन्हात थांबले. उद्या दुपारी एकला काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

दोन आठवड्यांनी अण्णा कोचीला गेले, पंधरा दिवसांसाठी म्हणून. मुलीनं त्यांना ठेवून घेतलं. दुकानात आता मोबाइल दुरुस्त करतात. सुरुवातीला अण्णा दर रविवारी फोन करायचे, नात मला इंग्रजीतून शाळेतल्या गमती सांगायची. हळूहळू महिन्यातून एकदा, मग सणावाराला. माझी तक्रार नाही. त्यांचं घर भरलं होतं.

मागच्या आठवड्यात जेवताना मी नवऱ्याला ही सगळी हकिकत सांगितली. त्यानं एका कानातला इयरफोन काढला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"आत्ता सांगितलं की."

तो मान हलवून "हं" म्हणाला आणि आणखी थोडा भात मागितला. मी वाढला.