रांग लावणारे आमचे साडू

जगातलं कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, याचा निवाडा एकटे आमचे साडूच करू शकतात, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे आणि मला ते अजून खोडून काढता आलेलं नाही. हुमनाबादकडच्या एका डाळमिलमध्ये कोणता माल कधी यंत्रावर चढवायचा, हे ते ठरवतात. उडदानंतर लगेच तूर घेतली की पिवळ्या डाळीत काळी टरफलं येतात आणि अख्खं यंत्र झाडत बसावं लागतं. दहा गाड्यांचा माल असला तर लावायचे क्रम छत्तीस लाखांवर जातात. तीस गाड्यांचे सगळे क्रम तपासायला बसवलेला कॉम्प्युटर आपल्या पणतवंडांच्या हयातीतही उठणार नाही, हे ते समोरच्याचा घास थांबवून सांगतात. सगळ्यात चांगलं हुडकत बसू नये, बरं सापडलं की मिल चालू करावी, हा त्यावरचा त्यांचा उपदेश.

एकदा आम्ही सगळे मन्नाएखेळ्ळीच्या हॉटेलात थांबलो. छोट्या ऑर्डरी आधी काढल्या तर सगळ्यांचं मिळून थांबणं कमी होतं, हे साडूंनी मालकाला पटवून दिलं. मालकाला पटलं, आणि सगळ्यात मोठी ऑर्डर नेमकी आमची होती. लोक येत होते, चहा पिऊन जात होते आणि साडू उपाशीपोटी समाधानाने बघत होते. मेहुणी बीदर येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

त्यांना दोन मुली. धाकटीला जनवाड्याचं स्थळ आलं, मुलगा तिच्या मनात भरला. थोरली हैदराबादला शिकत होती आणि लग्नाचं नाव काढू देत नव्हती. थोरलीच्या आधी धाकटीचं कसं करायचं, म्हणून सगळे अडून बसले. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. थोरलीला कुठंतरी उजवून टाका, असंही चुलत्यांनी सुचवलं. धाकटी जेवेनाशी झाली. साडूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "उडदानंतर तूर नको, हे यंत्राचं बंधन हाय. थोरलीआधी धाकटी नको, हे कोणत्या यंत्राचं हाय, सांगा की." कुणालाच यंत्र सापडलं नाही. लग्न ठरलं.

पाठवणीची गाडी गेल्यावर थोरली मांडवात त्यांच्याजवळ येऊन बसली आणि चेष्टेनं म्हणाली, "अप्पा, आता माझा नंबर लावायलाव का?"

साडू उपरण्यानं डोळे पुसत होते. "न्हाई बाई," ते म्हणाले, "तू रांगेतच न्हाईस. तुला वाटंल तव्हा सांग. न्हाई वाटलं तरी घर हाय की."

मंडपवाले खुर्च्या गोळा करायला लागले तरी साडूंनी तिचा हात सोडला नाही. कुठली खुर्ची आधी उचलायची, हेसुद्धा त्यांनी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.