मोगऱ्याचं पाणी

लग्नानंतर बायकोने ब्रह्मपुरीहून, माहेराहून, घासलेटच्या डब्यात मोगऱ्याचं रोप आणलं. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. घरी धानाची शेती होती, ती वडील पाहायचे. रोप अंगणात लावलं तेव्हा त्यांनीच त्याच्याभोवती मातीची पाळ घातली, अगदी धानाच्या बांधीत पाणी साठवायला घालतात तशी. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की ते त्यात लोटा-दोन लोटे पाणी ओतायचे आणि ते साचलेलं दिसलं की खूश व्हायचे. दोन वर्षांत मोगरा कमरेएवढा झाला, हिरवागार, दाट. फूल मात्र एक नाही.

कार्तिकात बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. बैलबंडीत बसता बसता मोगऱ्याकडे पाहून म्हणाली, "आमच्या अंगणात चैतात दुरडी भरते." ती सहजच म्हणाली असेल, पण मला तो टोमणा वाटला आणि चांगलाच झोंबला. बंडी वळणाआड जायच्या आत मी ठरवून टाकलं की ती लेकरू घेऊन परत येईल तेव्हा या झाडाला फुलं असलीच पाहिजेत.

मी स्वभावाने उतावळा. आधी शेणखत घातलं, मग राख, मग भेटेल त्याला विचारत सुटलो. शेवटी सिंदेवाहीच्या बाजारात सरकारी शेतीफार्मावरचा एक म्हातारा माळी भेटला. पाळीचं ऐकून तो हसायलाच लागला.

"मास्तर, मोगरा लावला का धान? पाणी तोडा त्याचं. पौषभर थेंब देऊ नका. पानं ओरबाडून टाका. झाडाले ताण बसला पाहिजे, तवा फूल धरते."

पौष लागला त्याच दिवशी मी पाळ फोडली आणि पानं ओरबाडली. नुसत्या काड्या उरल्या. वडिलांना बजावलं की आता पाणी घालायचं नाही. ते काड्यांकडे बघत राहिले.

काही न करता बसणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं. शाळेच्या मधल्या सुटीत मी घरी धावत यायचो. काडी नखाने खरवडून आत हिरवी आहे का बघायचो, मग उगाच खरवडली म्हणून स्वतःवरच चिडायचो. बायकोच्या पत्राची वाट, बाळंतपणाची काळजी, सगळं त्या काड्यांवर येऊन बसलं होतं. आणि पंधरा दिवसांत काड्यांना कोवळी पालवी फुटली. माती बोटाने उकरली तर ओली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराआड उभा राहिलो. वडील लोटा घेऊन आले, इकडेतिकडे पाहिलं आणि वाकले.

"बाबा! एवढी एक गोष्ट समजत नाई का तुमाले? तुमच्यानंच दोन साल फूल नाई आलं त्याले!"

शेजारची माणसं कुंपणाशी आली. वडिलांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडत होतो आणि थांबता येत नव्हतं.

"तहानलं आहे थे," ते हळूच म्हणाले. "मले पाहवत नाई."

लोटा त्यांनी ओट्यावर ठेवला. त्या दिवसापासून ते मागच्या दारानेच जायला-यायला लागले. तोंडही मागेच धुवायचे. मला वाईट वाटत होतं. पण एकदा फुलं आली की त्यांनाच पटेल, असं मी स्वतःला समजावत होतो.

मुलगी झाल्याचं पत्र आलं. महाशिवरात्रीला मी पाणी सुरू केलं. फाल्गुनात कळ्या धरल्या आणि पाडवा होऊन बायको आली तेव्हा झाड पांढरं झालं होतं. बंडीतून उतरल्या उतरल्या मी तिला तिथे नेलं.

तिने ओंजळभर फुलं तोडली, वास घेतला. मग म्हणाली, "पाणी तोडलं का तुमी? आमची माय दर साल तोडते."

"तुले माहीत होतं? मग सांगतलं काऊन नाई?"

"कसं सांगू? धान कापून झालं का मामाजींले करायले काही राहत नाई. सकाळी उठून थो लोटा तेवढा. थो त्यायच्या हातातून कसा घेऊ? फुलं काय, माहेरी माळतच होती मी." तिने आजूबाजूला पाहिलं. "मामाजी कुठी आहेत?"

मी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. काय झालं ते तिला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. तिने मुलगी माझ्या हातात दिली, ओट्यावरचा लोटा भरला आणि मागे गेली.

"मामाजी, या ना. फुलावर आलं झाड. आता पाणी लागते त्याले."

वडील तिच्या मागोमाग घरातून पुढच्या दाराने बाहेर आले. वाकून, सावकाश, त्यांनी लोटा ओतला. माझ्याकडे पाहिलं नाही. महाशिवरात्रीपासून रोज सकाळी मीच पाणी घालत होतो, आणि त्यांना एक हाक मारावी, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.