वरच्या गल्लीचे खांदेकरी

घोडेगावच्या फाट्यावर पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि ती काही संपेना. माझ्यासाठी, विमानासाठी, विमान चालवणाऱ्यासाठी, जर्मनीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी, त्यांनी सगळ्यांसाठी मागून घेतलं. तेवढ्यात पुण्याची एसटी आली, थांबली, आणि आम्ही सगळे डोळे मिटून उभे आहोत हे बघून निघूनही गेली. आमेन म्हणून डोळे उघडतो तर समोर नुसता धुरळा. आई रडता रडता हसायला लागली. पप्पांचं मात्र डोकं फिरलं. "देवाला समदं म्हाईत हाय, एसटीचा टाइम तेवढा तुमाला म्हाईत पायजे हुता," असं त्यांनी पाळकसाहेबांना तोंडावर सुनावलं. पुढच्या गाडीत माझी बॅग त्यांनीच चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "जा आता. लई फोन करू नको. आईचं मग कामात ध्यान लागत न्हाई." स्वतःबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यानंतर मी त्यांना समोरासमोर पाहिलं नाही.

मी शिकलेला नर्स. पुण्यात क्लास लावून जर्मन घोकली आणि इथल्या एका वृद्धाश्रमात नोकरी धरली. शहरातली भाडी ऐकून घाम फुटला, म्हणून जवळच्या खेड्यात खोली घेतली. गावाचं नाव सांगत नाही. आईला ते अजून म्हणता येत नाही, ती 'तुझं ते गाव' म्हणते. एक चर्च, एक बंद पडलेली शाळा, एक बंद पडलेली खानावळ. पाववाल्याची गाडी ठरलेल्या वारी हॉर्न वाजवत येते, तेवढीच काय ती वर्दळ. तुम्ही आपल्या गावचे, सोनईतले लोक फोनवर विचारता, काय मजा आहे ना तिकडं? अहो कसली डोंबलाची मजा! सुट्टीच्या दिवशी तोंडातून शब्द निघत नाही म्हणून मी कुकरशी मराठीत बोलतो. शिट्टी झाली की "ओ, आलो आलो" म्हणतो. हसू नका. तुमच्यापैकी जे असेच बाहेर पडलेत, ते हसणार नाहीत.

माझी खोली वरच्या गल्लीत आहे. गल्लीची हकिगत मला शेजारच्या इर्मगार्डबाईंनी सांगितली. वय पंच्याऐंशीच्या पुढं, पण बागेत दिवसभर वाकलेल्या. महायुद्ध संपल्यावर पूर्वेकडून हुसकून लावलेली जर्मन माणसं गाठोडी घेऊन या गावात आली, त्यात त्या लहानगी पोर म्हणून आलेल्या. शेतकऱ्यांनी नाइलाजानं त्यांना माळ्यावर जागा दिली. पुढं गावाच्या वरच्या अंगाला दगडाळ जमीन मिळाली, तिथं त्यांनी घरं बांधली. भाषा तीच, देव तोच, तरी खालचं गाव त्यांना आजही 'वरचे' म्हणतं. बाईंना वाटलं, या परक्या पोराला हे नीट समजावून सांगावं लागेल. मला काय समजावता? माझ्या पणज्याचा बाप ख्रिस्ती झाला, पोरांना शाळा मिळाली, पण आमची वस्ती सोनईच्या कडेला होती ती तिथंच राहिली.

पप्पा गेले ते मे महिन्यात, भर दुपारी. चुलतभाऊ मधूचा फोन आला. ऊन असं की संध्याकाळच्या आत उरकायला हवं होतं. मी विमानात बसेपर्यंतसुद्धा कुणी थांबू शकलं नसतं. मधूनं एका हातात मोबाईल धरून मला सगळं दाखवलं. पप्पांची पेटी घरातून निघाली, वस्तीतल्या माणसांनी खांद्यावर घेतली. थोरल्या मुलाची पुढची जागा माझी होती. तिथं मधूचा भाऊ उभा होता. "धर रं, नीट धर," असं कुणीतरी म्हणालं आणि कबरस्तानाच्या फाटकाशी नेटवर्क गेलं. मी काळ्या पडलेल्या स्क्रीनकडं बघत बसलो. इथं बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारी कुणीतरी सायकल पुसत होतं. बाप गेला, आणि त्याच्या पेटीचं वजन किती ते मला कधीच कळणार नाही, हे तेव्हा छातीत रुतलं ते रुतलंच.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून इर्मगार्डबाईंना सांगितलं. त्यांनी हातातला पाण्याचा पाइप बंद केला. म्हणाल्या, "आम्ही आलो त्या पहिल्या हिवाळ्यात माझे वडील वारले. गावातला एकही माणूस पेटी उचलायला आला नाही. आमच्यातल्याच पुरुषांनी उचलली, त्यातल्या एकाला एकच हात होता. तेव्हापासून ठरलं, वरच्या गल्लीचं माणूस वरची गल्लीच उचलणार." मग त्या पुन्हा बागेला पाणी घालायला लागल्या. मला त्यांचा एवढा आधार वाटला म्हणून सांगू!

मागच्या हिवाळ्यात सकाळी चर्चची घंटा वाजली. अवेळी वाजली की गावात कुणीतरी गेलेलं असतं. त्या दिवशी इर्मगार्डबाई गेल्या होत्या. मला सुट्टी होती. मी कोट घातला आणि त्यांच्या दारात पायरीवर जाऊन बसलो. आपल्याकडं मयताला बोलावणं थोडंच असतं? माणूस कळलं की जातो, गप बसतो. इथं तसं कुणी जात नाही हे मला कुठं ठाऊक! त्यांचा मुलगा हाम्बुर्गहून आलेला, त्यानं दार उघडलं आणि दचकला.

"काही हवंय का?"

"काही नको. बसायला आलोय."

तो बघतच राहिला. आत गेला. जरा वेळानं खुर्ची घेऊन बाहेर आला, माझ्याजवळ ठेवली आणि स्वतः पायरीवर बसला.

तेवढ्यात क्लाऊस आला. हा गल्लीतला जुना ट्रॅक्टरवाला, खांदेकऱ्यांचा म्होरक्या. सहा माणसं लागतात आणि एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे एक कमी. मुलगा म्हणाला, अंत्यविधीची कंपनी माणूस पाठवेल. माझ्या ओठांवर आलं होतं, मी आहे की! पण नेमकं तेव्हाच जर्मन वाक्य जुळेना. मी वरच्या गल्लीत भाडेकरू, सोनईहून आलेला. मला कोण धरणार त्यांच्यात?

दफनाच्या दिवशी मात्र मी मनाशी म्हटलं, विचारायचंच नाही. आपल्याकडं कोण विचारतं? कबरस्तानात पेटीभोवती पाच जण उभे होते. कंपनीचा माणूस बाजूला पांढरे हातमोजे चढवत होता. मी सरळ जाऊन मोकळ्या जागेवर उभा राहिलो, डावीकडं मागं. क्लाऊसनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या माणसाकडं, आणि हातानंच त्याला थांब म्हणाला. हातमोजे माझ्याकडं आले.

"उचला," क्लाऊस म्हणाला, आणि मी उचलून थेट खांद्यावर घेतली! बाकीच्यांनी कड्या धरून कमरेइतकीच उचलली होती. इथं तशीच नेतात. पेटी अशी कलली की कुणीतरी बाई ओरडली. "खाली! खाली घे!" क्लाऊस दातओठ खात पुटपुटला. मी घाबरून खाली घेतली, कडी घट्ट धरली आणि चालायला लागलो. उतार होता, बर्फ होता, बोटं वळली होती, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. लोकांना वाटलं असेल, याला म्हातारीचा केवढा लळा! लळा होताच. पण मी पप्पांना नेत होतो.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी आणि केक. क्लाऊस माझ्या शेजारी बसला. "कोट चांगला आहे," म्हणाला. थोडा केक खाल्ल्यावर म्हणाला, "डावीकडं मागं. ती जागा आता तुझी. पण हातानं उचलायचं, समजलं?" या गावात इतक्या दिवसांत मला कुणी माझं असं काही दिलं नव्हतं. मी मान डोलावली.

घरी येऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं, पेटी कलली तेही सांगितलं. ती हसली. मग गप्प झाली. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"विजू," ती म्हणाली, "माझ्या येळंला येशील ना रं?"

मी हो म्हणालो. विमानं कशी मिळतात, उन्हाळ्यात किती थांबता येतं, सगळं ठाऊक असून हो म्हणालो. तिलाही ते ठाऊक आहे. "बरं," म्हणाली, आणि शेजारच्या शेळीला करडं झाली ते सांगू लागली.

घर कुठं, असं आता कुणी विचारलं तर माझी पंचाईत होते. इथं माझी जागा ठरलेली आहे, घंटा वाजली की मी जाणार. तिथं एक म्हातारी माझ्या खोट्या होकारावर विश्वास ठेवल्यासारखं करते, आणि मी तो होकार रोज फोनवर पुन्हा देतो.