टॉवेलाखालचा डबा

गिऱ्हाईकानं पैसे द्यायला फोन पुढं केला की मावशीचा हात आधी टॉवेलाकडे जायचा. पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो डबा तुम्हीही दुकानादुकानांत ऐकला असेल. राजूरला गणपतीच्या रस्त्यावर तिचं नारळ-दुर्वांचं दुकान होतं, आणि तिथं हा डबा जाड टॉवेलाखाली असायचा. आतून पुटपुट आली की ती कान लावायची आणि म्हणायची, "आलं बरं. जा आता."

माझं झेरॉक्सचं दुकान शेजारीच. एकदा मी चिडवलं, "मावशी, त्याला थंडी वाजते का?"

"लई बोंबलून राह्यलंय मेलं. कमाई माझी अन् पुकारा बाजारभर!"

मी हसलो खरा, पण माझी तरी काय वेगळी गत होती? घरात पंख्याचा विषय निघाला की माझ्या फोनवर दिवसभर पंख्यांच्याच जाहिराती. काय काय झाकत बसायचं? कंटाळा येतो. तिला निदान टॉवेल तरी सापडला होता.

तिची भीती खरी होती. नवरा गेल्यापासून हसनाबादचा धाकटा दीर अधूनमधून उगवायचा. "वहिनी, जरा खर्चा निघालाय" म्हणत गल्ला हलका करून जायचा. तिला लेकीला जालन्याला नर्सिंगला घालायचं होतं. दिराला ते बिलकुल मंजूर नव्हतं.

एका चतुर्थीला गर्दीत दोघातिघांनी पैसे पाठवल्याचं खोटंच चित्र फोनवर दाखवलं आणि नारळ-पेढे घेऊन गेले. टॉवेलाखालचा डबा गप्पच होता, पण त्या गलक्यात तिला ते उमगलं नाही. पुढच्या चतुर्थीला तिनं वैतागून टॉवेल काढला.

"झाकावं तर हे बुडवतेत, उघडं ठेवावं तर तो नेतो. मंग माणसानं करावं काय?"



नेमकी त्याच दिवशी कुणा हौशी भक्तानं तिच्या दुकानाची रील काढली. मधोमध मावशी, आणि मागं डब्याचा अखंड गजर. दुसऱ्या दिवशी सकाळीच दीर दारात हजर.

"वहिनी, रील पाह्यली. डबा लई बोलून राह्यला."

तिनं आधी त्याला चहा दिला. मग म्हणाली, "भावजी, त्याला आलेलं तेवढं बोलता येतं. गेलेलं न्हाई येत. पोरीची फी कालच भरली मी."

अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला. ती पुन्हा दुर्वा निवडायला बसली. मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

पुढं पोरगी नर्स झाली, जालन्यातच लागली. एका संध्याकाळी मावशीनं टॉवेलात गुंडाळलेला डबा माझ्या काउंटरवर ठेवला. "राहू द्या तुमच्यापाशी," एवढंच म्हणाली. सकाळी तिचं शटर बंद. लेकीकडे कायमची राहायला गेली, हे दुपारी कळलं. दिराच्या कानावर जाऊ नये म्हणून तिनं मलाही सांगितलं नव्हतं. राग आला. मग नुसतंच वाईट वाटत राहिलं.

कशाला कोण जाणे, पण तो डबा मी चार्ज करत असतो. परवा चतुर्थीच्या गर्दीत टॉवेलातून पुटपुट आली. मी कान लावला. एक रुपया आला होता. दुकान बंद झालेल्या बाईला कोण पैसे देणार? लेकीच्या फोनवरून तिनंच पाठवला असणार.

"आलं बरं," मी म्हणालो, आणि टॉवेल नीट केला.