एक ‘च’

माझा धाकटा भाऊ भुजंग जिंतुरात गॅसच्या जोडण्या तपासायचा. माझ्या घरी आला की आधी शेगडीची नळी हुंगायचा, मग मला रामराम. मी म्हणायची, "बहिणीला भेटायला आलास का नळीला?"

त्याच्या पिशवीत एक पातळ पुस्तक असायचं. सरकारी मानक, म्हणायचा. पोथीसारखं कापडात गुंडाळून ठेवलेलं, अन् सगळं तोंडपाठ.

दत्तरावाच्या खानावळीतली नळी भेगाळलेली त्याला दिसली. "मालक, ही बदला."

"कायदा हाय का तसा?" दत्तरावानं विचारलं.

भुजंगानं पुस्तक उघडलं. त्यात होतं, ‘नळी मुदतीत बदलावी.’ बदललीच पाहिजे, असं नव्हतं. खोटं बोलायची माझ्या भावाला सवय न्हाई. म्हणाला, "कायदा न्हाई म्हणता येत. मानक हाय."

"मग बघू दिवाळीनंतर."

भाकऱ्या थापणारी कमलबाई हसली. "भाऊ, तुमचं पुस्तक लय मवाळ हाय बगा."

दसऱ्याच्या आधीच एका सकाळी तिनं काडी ओढली अन् भडका उडाला. तीन दिवस जगली बिचारी.

चौकशीच्या साहेबानं कायद्याचं जाड पुस्तक काढलं. म्हणाला, "नुसतं मानक म्हणजे सल्ला. पण इथं नियमातच त्याचं नाव घेतलंय. जोडणी त्या मानकाप्रमाणंच असली पाहिजे, असं लिहिलंय. म्हणजे त्यातलं ‘बदलावी’सुद्धा सक्तीचं. तुम्हाला तिथल्या तिथं गॅस बंद करता आला असता."

भुजंगानं जाड पुस्तक कधी उघडलंच नव्हतं.

खटला दत्तरावावर झाला. भुजंगाला कुणी शब्दानं बोललं न्हाई, अन् तेच त्याला लागलं. माझ्याकडं येऊन भिंतीला टेकून बसला. "आक्का, एक ‘च’ होता गं. जाड पुस्तकात. मी पातळातच हुडकीत बसलो."

काम सोडलं त्यानं. आता माझ्याकडंच राहायलाय. ताटात भाकरी वाढली की तिच्यावरचे बोटांचे ठसे बघत बसतो. आधी मी म्हणायची, "खावी रे बाबा." तो ताट सरकवायचा.

मी दुसरीतनं शाळा सोडलेली, पण आता ‘खावी’ म्हणत न्हाई. समोर बसते अन् म्हणते, "खाल्लीच पाहिजे."

तेव्हा कुठं अर्धी खातो.